लोड लावल्यावर

सूरच्या बंदरामागे बर्फाचा जुना कारखाना,
तिथून खल्फान बिन जुमआ अल-अरैमीनं तो आणला
गोणपाटात गुंडाळून, आजारी शेळी आणावी तसा.
टेबलावर ठेवला आणि खोलीभर
बांगड्याचा वास.

मी हसलो. बर्फ, मासळी, धक्का,
वास येणारच, म्हटलं.
तिथंच चुकलो.

बटण दाबलं की पंखा अर्धा गिरका घेई.
टक्. थांबे. टक्. थांबे.
उंबऱ्यापर्यंत येऊन माघारी जाणाऱ्या पाहुण्यासारखा.

पॉवर सप्लाय सोडवून मीटर लावला:
पाचाच्या जागी पाच पूर्णांक शून्य दोन,
बाराच्या जागी बारा. निर्दोष.
मग दोन दिवस मी बोर्डाच्या मागं लागलो,
एकेक चिप उपटून तिचे पाय खोडरबरानं घासले,
मेमरीला दाभोळच्या शिव्या घातल्या
ज्या इथं कुणालाच कळत नाहीत.

तिसऱ्या रात्री सुचलं.
रिकाम्या हातानं चालताना कोण दमतं?
समोरच्या गॅरेजमधून पिकअपच्या हेडलाइटचा बल्ब मागून आणला,
लाल आणि काळ्या तारेत अडकवला.
पाचाचे झाले तीन पूर्णांक आठ.
बल्ब विडीच्या टोकाइतका तांबूस झाला,
आणि टक्.

एक हात खिशात ठेवून डबा उघडला.
चिपळूणच्या आयटीआयमध्ये गमरे सर ओरडायचे,
वायर काढली तरी आत तीनशे व्होल्ट जागे असतात रे,
ते आधी उतरव, मग शहाणपण कर.
उतरवले. टॉर्च मारला.
कपॅसिटरांची डोकी पापडासारखी फुगलेली,
बुडातून तपकिरी पाणी पाझरून
तांब्याची वाट खाऊन गेलेलं.
वाकलो तसा वास नाकात भरला.
बंदर बिचारं उगाच बदनाम.

"नवा टाक," खल्फान म्हणाला,
"पण आवाज तोच ठेव."
म्हणून जुना डबा, जुना पंखा तसाच,
आत मस्कतहून बसनं आलेला नवा सप्लाय, तळहाताएवढा.
त्याला उणे पाच व्होल्ट माहीतच नव्हते.
जुन्या यंत्राला मात्र तेही लागतात,
नुसत्या अधिकावर त्याचं भागत नाही.
उणे बारातून उणे पाच काढून दिले,
पांढऱ्या तारेला तिचं घर मिळालं.

मी डाग देत होतो तेव्हा त्यानं माझं आडनाव विचारलं.
होडेकर, म्हटलं. होडीवाले.
"मग तुझी होडी कुठाय?"
तीन पिढ्या कुणाकडेच नाही, नाखुदा,
आडनाव तेवढं तरंगत राहिलंय.
तो हसला नाही. चहा ओतला.

मग पंखा फिरला. पूर्ण. पुन्हा पूर्ण.
हिरवे आकडे मेमरी मोजत वर चढले,
फ्लॉपीनं घसा खाकरला,
यंत्रानं तारीख विचारली आणि स्वतःच सुचवली:
एक जानेवारी, एकोणीसशे ऐंशी.
खल्फाननं ती दुरुस्त केली नाही. एंटर मारलं.

उधारीची वही उघडली.
होडीचं नाव, लाद्या, बाकी.
तो एकेका ओळीवर बोट ठेवत गेला,
हा वारला, यानं होडी विकली,
हा माझा साडू, याचं काही बोलू नकोस.
आणि मग बोट थांबलं.
खल्फान जुमआ. लग्नासाठी. नऊ लाद्या. बाकी.

"कारखाना बंद होऊन अठरा वर्षं झाली,"
तो म्हणाला, "आता फेडू कुणाला?"
मला उत्तर येत नव्हतं.
त्यानं मोठ्यांदा हसत गोणपाट झटकला,
माझे पैसे मोजले, यंत्र काखेत मारलं.

जुने कपॅसिटर खिडकीत पडलेत अजून.
धक्क्यावरचं एक काणं मांजर
रोज संध्याकाळी येतं, त्यांना हुंगतं,
आणि माझ्याकडे बघतं,
फसवल्यासारखं.